मिश्र प्लॅस्टिक कुठे पाठवायचे: तेलाच्या भट्टीत की सिमेंटच्या?

सुक्या कचऱ्यातून बाटल्या, बादल्या, दुधाच्या पिशव्या वेचकांनी काढून घेतल्या की उरतात मळक्या कॅरीबॅगा, चिप्सची पाकिटे, फाटके रेक्झिन. भंगारवाला त्याला हात लावत नाही. या मालासाठी नगरपरिषदेपुढे दोन पर्याय ठेवले जातात: पायरोलिसिसचा प्रकल्प किंवा सिमेंट कारखान्याशी करार.

पायरोलिसिसमध्ये प्लॅस्टिक हवेशिवाय साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला तापवतात. तेल, वायू आणि काजळी मिळते. वायू भट्टीलाच वापरता येतो. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिनचे तेल चांगले निघते. घोडे अडते पीव्हीसीपाशी, म्हणजे पाइप आणि रेक्झिनच्या प्लॅस्टिकपाशी. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असते. तापले की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, यंत्र गंजते, तेल नासते. पेट (पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक) मिसळले तर घन आम्ले साचून नळ्या तुंबतात. पाकिटांतले ॲल्युमिनियम काजळीत उरते. त्यामुळे ‘मिश्र चालेल’ असे विक्रेत्याने कितीही सांगितले, तरी निवडणी आपल्याच गळ्यात पडते. शिवाय ते तेल बॉयलरमध्ये जाळले, तर प्लॅस्टिकचे प्लॅस्टिक झालेच नाही. प्लॅस्टिक वेष्टनाच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकणाऱ्या केंद्राच्या २०२२ च्या सूचनांतही प्लॅस्टिकपासून तेल हा मार्ग रिसायकल न होणाऱ्या मालाच्या अंतिम विल्हेवाटीत येतो, रस्तेबांधणी आणि सिमेंट भट्टीच्या पंगतीत.

सिमेंट भट्टीतही प्लॅस्टिक जळतेच, कार्बन हवेत जातोच. पण ज्वाला २००० अंशांच्या आसपास असते, काही कोळसा वाचतो आणि राख क्लिंकरमध्ये (ज्याचे दळून सिमेंट होते त्या भाजलेल्या खड्यांत) मिसळून जाते, वेगळी टाकावी लागत नाही. क्लोरीन इथेही नको असतो, त्याने भट्टीत थर धरतात. खरा खर्च वाहतुकीचा. चंद्रपूरच्या कारखान्यांजवळच्या गावांना हे सहज परवडेल. कोकणातून सुटे प्लॅस्टिक नेणे म्हणजे ट्रकभर हवा नेणे, म्हणून गठ्ठे बांधायचे प्रेस मशीन आधी हवे.

छोट्या नगरपरिषदेने सिमेंटचा करार करावा आणि वाचलेला पैसा निवडणी शेडवर, वेचकांच्या मजुरीवर लावावा, असे माझे ठाम मत आहे. पायरोलिसिसचा विचार मोठ्या शहराने करावा, तोही स्वच्छ पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलिन रोज मिळत असेल आणि तेल नवे प्लॅस्टिक बनवणारा कारखाना घेणार असेल तरच. सही करण्याआधी आपल्याच गावच्या कचऱ्यावर चाचणी मागा. तेलातला क्लोरीन किती, काजळी किती निघाली, ती कुठे जाणार आणि तेलाचा खरेदीदार कोण, हे लेखी घ्या.