छताच्या व्हेंट पाइपवरची सिलिकॉन कॉलर: दहा महिन्यांनंतर

छतातून वर आलेल्या पाइपाभोवतीच्या फाटक्या रबरावर चढवायची ही सिलिकॉनची कॉलर एप्रिलमध्ये बसवली, त्याच आठवड्यात पाच तारे देऊन लिहायला घेतलं होतं. बरं झालं ते तसंच राहिलं. जानेवारीत माझं मत पार फिरलं आणि या महिन्यात पुन्हा जाग्यावर आलं.

घर मिनियापोलिसजवळ ईडन प्रेअरीला, १९९८ सालचं. गेल्या वर्षीच्या जानेवारीत वरच्या बाथरूमच्या छताला भाकरीएवढा तपकिरी डाग पडला. अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर, चढलो तर डागाच्या बरोबर वर ड्रेनेजची हवा छतावर सोडणारा व्हेंट पाइप, ३ इंची, आणि त्याच्या अंगावरून पाणी ओघळल्याच्या रेघा. छतातून पाइप बाहेर येतो तिथे पाणी अडवायला त्याच्याभोवती जो ‘बूट’ असतो, त्याचं रबर उन्हानं तडकतं हे इथे जुन्या घरात राहणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. रूफरला, म्हणजे छतं दुरुस्त करणाऱ्याला, बोलावलं. त्यानं शिडी गाडीवरून खालीसुद्धा उतरवली नाही, अंगणातून फोनवर फोटो काढले आणि ७५० डॉलर सांगितले, तेही एप्रिलनंतरचे. छतावरचे डांबरी तुकडे, म्हणजे शिंगल्स, थंडीत उचलायला गेलं की मोडतात, त्यांच्याखालची डांबराची पट्टी पुन्हा चिकटत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण रबराच्या एका चकतीचे ७५० डॉलर द्यायला माझा हात होईना. एप्रिलपर्यंत पाइपाखाली पातेलं ठेवून दिवस काढले.

कॉलर २८ डॉलरची. जुना बूट काढायचा नाही, वरूनच पाइपावर सरकवायची. साबणाचं पाणी लावलं की ती सरसर खाली येते आणि बुटावर घट्ट बसते. मग वरून क्लॅम्प आवळायचा. छतावरचं काम वीस मिनिटांचं. जुन्या रबराला पाइपाच्या वरच्या अंगाला इतकी मोठी भेग होती की माझं नख आत गेलं. मे-जूनमध्ये इथे वादळी पाऊस झोडपून काढतो, पण पातेलं कोरडं राहिलं. सिलिकॉन आजही मऊ आहे, उणे १८ फॅरनहाइटमध्येही कडक झालं नाही. याबाबतीत तक्रारीला जागाच नाही.

तक्रार आहे ती क्लॅम्पची. जूनमध्ये छताची गटरं साफ करायला शिडी लावली तेव्हा पांढऱ्या पाइपावर तांबूस ओघळ दिसला. वर जाऊन बघतो तर क्लॅम्पचा स्क्रू गंजलेला. दोन महिन्यांत! फ्रिजवरचं चुंबक नेऊन लावून पाहिलं. पट्टीला चिकटलं नाही, स्क्रूला टक्कन चिकटलं. म्हणजे पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू मुलामा दिलेल्या साध्या लोखंडाचा. जी वस्तू आयुष्यभर पावसात आणि बर्फात राहणार, तिच्या स्क्रूवर कंपनीनं किती वाचवले असतील? पंचवीस-तीस सेंट? गंजून स्क्रू तुटला की क्लॅम्प सैल, क्लॅम्प सैल की पाणी थेट पाइपाच्या कडेनं आत. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की २० वर्षांची हमी फक्त सिलिकॉनची आहे. तिसऱ्या मेलनंतर नवा क्लॅम्प पाठवला, त्यालाही तोच स्क्रू. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून संपूर्ण स्टेनलेसचा क्लॅम्प ३ डॉलरच्या आत आणला. घेणाऱ्यांनी तो कॉलरबरोबरच आणावा, पाकिटातला लावूच नये.

आता जानेवारीचं. आठवडाभर पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली होता. मग एका दिवशी ३६ वर, म्हणजे बर्फ वितळतो त्याच्या वर, चढला आणि डाग पुन्हा ओला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. स्क्रूत कंजुषी करणाऱ्यांनी रबरातही केली असणार, असं धरून मी कंपनीला चौथी मेल लिहायला बसलो. आई नोव्हेंबरपासून कोल्हापूरहून आलेली आहे. ती डागाकडे बघत म्हणाली, "अरे, आज तर लख्ख ऊन पडलंय. मग पाणी आलं कुठनं?" कौलारू घरात जन्म काढलेली ती. तिच्या हिशेबात गळती पावसाबरोबर येते आणि पावसाबरोबर जाते.

मेल तशीच ठेवून बॅटरी घेऊन अ‍ॅटिकमध्ये गेलो. कॉलरीच्या खालचं लाकूड पाइपालगत चक्क कोरडं होतं. पण चार हात पलीकडे, छताच्या फळ्यांतून आत आलेल्या खिळ्यांच्या प्रत्येक टोकावर कापसाच्या बोंडासारखा पांढरा हिमाचा गोळा, आणि फळ्यांवर पिठासारखा थर. एकेक गोळा वितळून टपटपत होता. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनची नळी छतावरच्या बाहेर उघडणाऱ्या टोपीपासून निसटून इन्सुलेशनवर, म्हणजे माळ्यावर पसरलेल्या ऊब राखणाऱ्या थरावर, पडली होती. गरम पाण्याची सगळी वाफ अ‍ॅटिकमध्ये. थंडीत ती फळ्यांवर गोठायची आणि छतावर ऊन आलं की वितळून इन्सुलेशनवर पडायची. तिथून ते पाणी इन्सुलेशनखालच्या प्लास्टिकच्या पडद्यावरून उताराउतारानं पाइपाच्या भोकापाशी यायचं. म्हणून डाग तिथेच. यंदा घरात माणूस वाढलं, अंघोळी वाढल्या, वाफही वाढली.

मग लक्षात आलं की गेल्या जानेवारीत तरी पाऊस कुठे होता? ७५० डॉलर देऊन नवा बूट बसवला असता तरी यंदा इतकंच गळलं असतं.

इन्सुलेशनवाली नळी, फॉइल टेप आणि फॅनच्या पेटीभोवतीची फट बुजवायला फोम, मिळून ४६ डॉलर लागले. नळी टोपीला पट्ट्यानं आवळली, नुसत्या टेपवर भरवसा ठेवला नाही. अंघोळीनंतर वीस मिनिटं फॅन चालू ठेवतो. या महिन्यात दोनदा पारा ३२ च्या वर गेला, दोन्ही वेळा खिळे कोरडे.

कॉलरीला चार तारे. एक तारा स्क्रूपायी कापला आणि तो मी परत देणार नाही. जुना बूट फाटला असेल तर ही जरूर घ्या. पण तुमचं छत फक्त थंडीत, आणि तेही ऊन पडलं की गळत असेल, तर २८ डॉलर खर्च करण्याआधी बॅटरी घेऊन अ‍ॅटिकमधले खिळे बघा. मी डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारून शेजारी तारीख लिहिली आहे. डाग अजून रेघेच्या आतच आहे, मेपर्यंत तसाच राहिला तर रंग लावीन.