कर्नाळा-उरण की फणसाड-मुरुड? एका दिवसाच्या बर्डिंगसाठी

मुंबई-ठाण्याकडून एका दिवसात जंगल आणि समुद्र दोन्ही करायचं म्हटलं की ग्रुपवर या दोन नावांवरच चर्चा अडते. मित्रांबरोबर मी दोन्हीकडे गेलोय, एकदा नाही, बरेचदा. कुठल्या महिन्यात काय दिसतं ते तुम्हाला माहीत असेलच, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

सोय बघाल तर कर्नाळा-उरण. पनवेल सोडलं की अभयारण्य आलंच, उजाडताना गेटवर पोचायला फार लवकर उठावं लागत नाही, दुपारी उरणच्या पाणथळांवर रोहित (फ्लेमिंगो), कोरल, तुतवार, वर घिरट्या घालणारे भोवत्ये, आणि रात्रीच्या जेवणाला सगळे घरी. पावसाळ्याच्या तोंडावर तिबोटी खंड्या बघायचाय? मग कर्नाळाच, तिथे दुसरं नाव मी घेणार नाही.

पण आवाज! मुंबई-गोवा हायवे अभयारण्यातूनच जातो, आणि जंगलात आपण पक्षी आधी ऐकतो, मग शोधतो. शीळकरी कस्तूर गायला लागला की सगळे श्वास रोखून उभे राहतात आणि नेमका तेव्हाच खालून एखादा ट्रक हॉर्न देत जातो, मग तो पुन्हा कधी गाईल याची वाट बघायची, तेवढ्यात किल्ल्यावर निघालेला घोळका स्पीकर लावून शेजारून जातो. सुतारपक्ष्याची हलकी टकटक तर खालच्या वाटेवर कानावर येतच नाही. बरं, जंगल संपवून उरणला जावं तर बंदराचे कंटेनर ट्रेलर, धूळ, आणि स्कोप (स्टँडवरची दुर्बीण) लावायला धड जागा नाही. पक्षी भरपूर दिसतात, पण दिवसभर कान बंद ठेवल्यासारखं वाटतं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

फणसाड लांब आहे, हे आधीच सांगतो. अलिबाग-रेवदंडा करत सुपेगावला, म्हणजे अभयारण्याच्या तोंडाशी असलेल्या गावाला, उजाडायच्या आत पोचायचं तर मध्यरात्रीनंतर लगेचच निघावं लागतं. रो-रोने गाडी मांडव्याला नेता येते, पण बोटीची वाट बघण्यात सकाळ जाते. शिवाय पक्षी मोजायचे तर आकडा उरणपेक्षा कमीच भरेल. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं जंगल, १९८६ ला अभयारण्य झालं. आत शिरल्यावर जी शांतता मिळते त्यात शेकरूने फांदी हलवलेलीसुद्धा कळते. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो त्या इथे नीट ऐकता येतात, कर्णा पक्ष्याची हळू शीळ ऐकून त्याच्यापर्यंत पोचता येतं, पाणवठ्यावर गुपचूप बसलं तर बरंच काही आपणहून समोर येतं. गावातला गाईड मात्र घ्याच.

समुद्राचं म्हणाल तर काशीदला वीकेंडला थांबू नका, गर्दीत कुरवसुद्धा टिकत नाहीत. सरळ पुढे मुरुडकडे जा, समुद्र गरुड त्याच पट्ट्यात दिसतो. आणि तारीख ठरवताना आधी तिथी बघा. कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. म्हणजे षष्ठीला साडेचारच्या आसपास पूर्ण भरती. जंगल आटपून, जेवून अडीच-तीनला किनाऱ्यावर आलात की पाणी चढत असतं आणि चिखल्ये, सुरय आपोआप जवळ सरकतात. ओहोटीला गेलात तर ते लांबवर ठिपके दिसतील. हे उरणलाही लागू आहे बरं का.

घरातली वयस्कर मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील, किंवा कोणी पहिल्यांदाच दुर्बीण हातात घेत असेल तर कर्नाळा-उरण वाईट नाही, शक्यतो वर्किंग डेला जा म्हणजे किल्ल्याची गर्दी तरी टळेल. तिघं-चौघं नेहमीचे भिडू असाल, आळीपाळीने गाडी चालवणारे दोघं असतील, तर मी फणसाड म्हणेन. थंडीत पंचमी-षष्ठी शनिवारी येतेय का बघा, सुपेगावात जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि निघा.