डिव्हाइनचा 'कोहिनूर' अल्बम: खान्देशातल्या पोरांनी तर ऐकायलाच पाहिजे

सरळ सांगून टाकतो, माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. अल्बम २०१९ चा आहे तरी रिव्ह्यू आत्ता लिहितोय कारण आमच्या भुसावळात, जळगावात पिंप्राळा-मेहरूणकडे, धुळ्यात देवपूरला, जिकडे बघाल तिकडे पोरं रॅप करायला लागलीयेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना डिव्हाइन म्हणजे 'गली बॉय' पिक्चरशी संबंधित कोणीतरी, एवढंच माहीत आहे. पिक्चर चांगलाच होता, पण ज्याला स्वतः लिहायचंय त्याने पिक्चरवर थांबू नये, ह्या माणसाचं काम कानाने ऐकावं.

आधी माणूस कोण ते. मुंबईचा रॅपर, खरं नाव व्हिवियन फर्नांडिस, जन्म १९९० चा, वाढला अंधेरी पूर्वला जे. बी. नगरमध्ये. अंधेरी म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना हिरो-हिरोइनी आणि मोठमोठे टॉवर आठवतात पण हा भाग तसा नाही, एका बाजूला अंधेरी-कुर्ला रोडचा ट्रॅफिक, जवळच विमानतळ, आणि मधे चाळी, झोपड्या, ऑफिसं सगळं एकमेकांना खेटून. मेट्रोने घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाताना चकाला स्टेशन लागतं, त्याच्या नावातच जे. बी. नगर लिहिलेलं आहे. वडील घरापासून तुटले, आई कामासाठी परदेशात गेली आणि पोराला आजीने वाढवलं. हे त्याने मुलाखतींमधून सांगितलेलं आहे आणि आपल्याकडच्या माणसाला ते वेगळं समजावून सांगायची गरजच नाही, आई-बाप सुरतला नाहीतर पुण्याला कामाला आणि पोरगं गावात आजीजवळ, अशी घरं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. मला वाटतं म्हणूनच त्याच्या आवाजातला तो एक कडकपणा, लवकर मोठं व्हावं लागलेल्या पोराचा, आपल्याला लगेच ओळखू येतो.

हिपहॉप त्याला शाळेत सापडलं. एका मित्राच्या टीशर्टवर अमेरिकन रॅपर फिफ्टी सेंट होता, हा कोण म्हणून विचारलं आणि त्याच मित्राने गाण्यांची सीडी दिली. सुरुवातीला हा इंग्रजीतच रॅप करायचा, देवाधर्माचं पण त्यात असायचं. ते वाईट होतं असं मी म्हणत नाही पण इंग्रजीत रॅप करणारी पोरं तेव्हा मुंबईत अजूनही होती आणि अमेरिकेतल्या लोकांपुढे ह्यांचं कोण ऐकणार? मग त्याने हिंदी धरली, आणि हिंदी म्हणजे पुस्तकातली नाही तर गल्लीत क्रिकेट खेळताना, रिक्षावाल्याशी भांडताना जी तोंडात येते ती. २०१३ ला 'ये मेरा बॉम्बे' आलं. तिथून पुढचं सगळं त्या एका निर्णयावर उभं आहे असं माझं ठाम मत आहे.

२०१५ ला दोन गोष्टी झाल्या. 'जंगली शेर' आलं आणि कुर्ल्याच्या नेझीसोबत 'मेरे गली में' आलं. ह्या नेझीबद्दल दोन ओळी लिहितोच कारण तो नसता तर ही गोष्ट अर्धी राहिली असती. नावेद शेख, कुर्ला पश्चिमचा, २०१४ ला त्याने 'आफत' नावाचं गाणं चक्क आयपॅडवर रेकॉर्ड केलं, व्हिडिओ पण त्याच आयपॅडवर काढला आणि टाकून दिला नेटवर. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. त्याचा फ्लो, म्हणजे बीटवर शब्द टाकायची चाल, डिव्हाइनपेक्षा फास्ट, शब्दावर शब्द चढवत जाणारा, डिव्हाइन त्यामानाने जड पावलांचा, आणि 'मेरे गली में' मध्ये सेझ ऑन द बीट नावाच्या संगीतकाराने बनवलेल्या बीटवर हे दोघं एकामागून एक येतात तेव्हा तो फरक इतका स्वच्छ ऐकू येतो की नवीन पोरांना फ्लो म्हणजे काय हे शिकवायला मी हेच गाणं लावतो. ह्या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन झोया अख्तरने 'गली बॉय' केला, फेब्रुवारी २०१९ ला आला, आणि त्यातलं 'अपना टाइम आएगा' लिहिण्यात डिव्हाइनचा स्वतःचा हात आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॅपर नासचं मास अपील हे म्युझिक लेबल भारतात आलं आणि त्यांनी पहिला कलाकार घेतला तो हाच. आणि मग वर्ष संपायच्या आत 'कोहिनूर', त्याचा पहिला पूर्ण अल्बम. म्हणजे बघा, सहा-सात वर्षं सुटी सुटी गाणी काढून, नाव होऊन, पिक्चर येऊन गेल्यावर मग अल्बम. आपल्याकडे तीन गाणी झाली की पोरं अल्बम अनाउन्स करतात.

आता अल्बम. मोठा नाही, एका बैठकीत आरामात संपतो, आणि हा त्याचा प्लस पॉइंट आहे. टायटल गाणं 'कोहिनूर' सगळ्यात भारी. आपण कुठून आलो आणि कुठे पोचलो हे सांगणारी गाणी प्रत्येक रॅपरची असतात पण इथे तो ओरडत नाही, आवाज छातीतून येतो, खर्जात, ओळीच्या शेवटी किंचित थांबतो आणि तो थांबा बीटच्या ठोक्यावर बरोबर बसतो. हे लक्ष देऊन ऐका. आपली बरीच पोरं सगळी जागा शब्दांनी भरून टाकतात, श्वास घ्यायला जागाच ठेवत नाहीत, मग तिसऱ्या ओळीला दम लागतो आणि शेवटचा शब्द गिळला जातो. ह्याचा एकही शब्द गिळलेला नाही. यमक पण अवघड नसतं, साधे दोन-तीन अक्षरी शब्द, रोजच्या बोलण्यातले, पण ते कुठे टाकायचे ते त्याला कळतं.

'चल बॉम्बे' हे नाचायचं गाणं आहे आणि ते नाचायचं गाणं म्हणूनच ऐकायचं, त्यात खोल अर्थ शोधायला जाऊ नका. मला त्यात आवडतं ते शहराचं प्रेम, कसलीही तक्रार न करता. 'वल्लाह' जास्त जड आहे, खालचा बास पोटात लागतो, हुकमध्ये, म्हणजे गाण्याच्या धृपदात, एकच शब्द परत परत येतो आणि दोनदा ऐकलं की दिवसभर डोक्यातून जात नाही. हुक बांधण्यात हा माणूस उस्ताद आहे. त्याचा हुक एकट्याने म्हणायचा नसतोच, पंचवीस पोरं मागे उभी आहेत असं धरून तो लिहितो. आपल्याकडे वहीगायनात एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलून धरतात, तसं, म्हणून तर आमच्याकडच्या पोरांना हे पहिल्यांदा ऐकूनही परकं वाटत नाही.

'वाइब है' मध्ये आवृत्ती, डेव्हिल आणि शाह रूल हे तिघं रॅपर सोबत आहेत. स्वतःच्या पहिल्या अल्बमवर दुसऱ्यांना एवढी जागा देणं हे मला फार आवडलं. गली गँग हे नाव तो आधीपासून घेत होता, नंतर त्याच नावाने कंपनी काढली, आणि सोबतच्या लोकांना खरंच पुढे आणलं. आपल्या जिल्ह्यात दोन रॅपर एका स्टेजवर आले की तिसऱ्या दिवशी एकमेकांवर डिस ट्रॅक, म्हणजे एकमेकांची उतरवणारी गाणी, काढतात, तिथे हे शिकण्यासारखं आहे.

भाषेबद्दल अजून एक. त्याची हिंदी भुसावळच्या माणसाला एकदम जवळची वाटते. आमचं गाव रेल्वेचं, जंक्शनवर सगळ्या मुलखाचे लोक येऊन राहिलेले, त्यामुळे इथली हिंदी पण अशीच, मराठीचे तुकडे घुसलेली, आदरार्थी वगैरे भानगड नसलेली. त्यामुळे इथली पोरं डिव्हाइनची कॉपी फार पटकन करतात आणि तिथेच गडबड होते. भो, तो अंधेरीचा आहे म्हणून अंधेरीचं बोलतो! मुंबईच्या रॅपर लोकांमध्ये पिनकोडचा अभिमान असतो, डिव्हाइनच्या तोंडी ५९ येतं ते अंधेरीच्या ४०००५९ वरून, नेझीचं ७० कुर्ल्याचं, धारावीच्या एमसी अल्ताफचं १७. आणि आमचा भुसावळचा पोरगा, पिनकोड ४२५२०१, तो व्हर्समध्ये, म्हणजे कडव्यात, लोकलच्या गर्दीबद्दल सांगतो. त्याने लोकल बघितलीये कधी? त्याला रेल्वे क्वार्टर माहीत आहेत, दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या माहीत आहेत, रावेर-सावद्याला केळीचे ट्रक भरताना रात्री बाराला मजूर कसे बसलेले असतात ते माहीत आहे, ते कुठे आहे गाण्यात? आणि अहिराणी? अमळनेर-धुळ्याकडची पोरं घरात अस्सल अहिराणी बोलतात, 'काय करी राह्यना भाऊ' म्हणतात, आमच्या यावल-रावेर पट्ट्यात लेवा बोली आहे, आणि माइक हातात आला की सगळे एकदम मुंबईचे होतात. लग्नात पावरी वाजली की सगळा गाव नाचतो, अहिराणी गाणी यूट्यूबवर धडाधड चालतात, म्हणजे ऐकणारे आहेत. रॅपमध्ये मात्र हे अजून फार थोडे जण करतायत.

माझा भाचा करतोय. त्याचं रेकॉर्डिंग बघण्यासारखं असतं. मे महिना, बाहेर ४५ च्या वर, आणि टेक घ्यायचा तर कूलर बंद करावा लागतो कारण त्याची घरघर माइकमध्ये येते, मग पंखा पण बंद, दाराला गोधडी टांगलेली, खिडकीत उशा कोंबलेल्या, फोन डब्यांच्या थप्पीवर तोंडाच्या उंचीला ठेवलेला. एक व्हर्स झाला की दार उघडून बाहेर येतो तेव्हा टीशर्ट पिळता येईल एवढा भिजलेला असतो. बीट यूट्यूबवरची फुकटची टाइप बीट, म्हणजे कुठल्यातरी मोठ्या रॅपरच्या स्टाइलची, त्यावर मधेमधे बीटवाल्याच्या नावाचा टॅग वाजतो. पण त्याच्या शेवटच्या गाण्यात त्याच्या आजोबांचं कापसाचं वजन आणि व्यापाऱ्याचा काटा आहे, लेवा बोलीत, आणि ते ऐकून माझ्या बहिणीने काम थांबवलं आणि परत लाव म्हणाली. याच्या आधी त्याची दहा गाणी तिने अशीच एका कानाने ऐकून सोडून दिली होती.

आता तो कापलेला एक स्टार. 'कोहिनूर' च्या काही भागात गल्ली दिसेनाशी होते. बीट चकचकीत ट्रॅप, म्हणजे अमेरिकन हिपहॉपच्या एका स्टाइलची, पैसा, यश, मी कसा मोठा झालो, हे जगातल्या कुठल्याही रॅपरचं असू शकलं असतं. 'गांधी मनी' घ्या, गाणं म्हणून मस्त आहे, विषय पैशाचा, बीट जबरदस्त, पण 'ये मेरा बॉम्बे' मध्ये जसं भिंतीचा वास येईपर्यंत आपण त्या वस्तीत उभे असतो तसं इथे होत नाही. कष्टाने वर आलेल्या माणसाने यशाचं गाणं म्हणूच नये असं मी अजिबात म्हणत नाही, त्याने कमावलंय ते. मला फक्त एवढंच वाटतं की ज्या ज्या जागी जे. बी. नगर ऐकू येतं तिथे हा अल्बम कोणालाच हरवता येणार नाही असा आहे आणि जिथे ते ऐकू येत नाही तिथे तो नुसता चांगला आहे.

ह्याच्यानंतरचं थोडक्यात: २०२० चा 'पुण्य पाप' जास्त आतला आहे, त्यात चुका, देव, घर हे सगळं येतं, मला तो 'कोहिनूर' इतकाच आवडतो, कधी कधी जास्त. २०२२ चा 'गुनहगार' मोठा, बाहेरच्या देशातले पाहुणे वगैरे, त्यात 'बाजीगर' भन्नाट, बाकी एकदा ऐकून तुम्हीच ठरवा.

नवीन माणसाने कुठून सुरू करावं? आधी 'ये मेरा बॉम्बे', मग 'मेरे गली में', आणि मग 'कोहिनूर' पहिल्या गाण्यापासून क्रमाने, शफल बंद करून. यूट्यूबवर फुकट आहे, ॲपवर फुकटवाल्यांना मधे जाहिराती येतात आणि दोन गाण्यांमधला मूड पार जातो, त्यामुळे महिनाभराचा प्लॅन मारला तर बरं. काही गाण्यांत शिव्या आहेत, घरात मोठ्या आवाजात लावायच्या आधी विचार करा. आणि मोबाईलच्या स्पीकरवर तर ऐकूच नका, खालचा बास अजिबात येत नाही, 'वल्लाह' निम्मं गायब होतं. साधे वायरवाले इअरफोन चालतील, किंवा मग ज्याच्या गाडीत बरी सिस्टिम आहे अशा मित्राला पकडा आणि काचा वर करून लावा.