ड्रॉइंग क्लास लावावा की घरीच रंग काढून द्यावेत?

जून उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हमखास विचारणा होते : 'पाच वर्षांच्या मुलीसाठी चांगला ड्रॉइंग क्लास सांगा.' माझं उत्तर दर वर्षी तेच असतं आणि ते फारसं कुणाला आवडत नाही. पाचव्या वर्षी क्लास नको. अकराव्या वर्षी मात्र घरच्या घरी भागवू नका. मधल्या वर्षांत मूल काय विचारतंय याकडे कान ठेवा.

हे शहाणपण थोरलीच्या जिवावर आलं. तिला साडेपाचव्या वर्षी क्लासला घातलं. तीन महिन्यांनी फाइल घरी आली. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, कौलारू घर, नारळाचं झाड. शेडिंगसुद्धा! आम्ही हरखलो. मग खालच्या मजल्यावरच्या मुलाची फाइल पाहिली. तेच डोंगर, तोच सूर्य, नारळही डावीकडेच. क्लासच्या आधी ती एसटी काढायची, तेव्हा पत्र्याच्या आत बसलेल्या माणसांचे पाय, मांडीवरचे डबे, सगळं बाहेरून दिसायचं. ती एसटी पुन्हा आली नाही.

ही 'आरपार' चित्रं म्हणजे चूक नव्हे. मुलांच्या चित्रांमधून वाढीचे टप्पे मांडणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 सालीच लिहून ठेवलंय, की या वयात मूल जे माहीत आहे ते काढतं, जसं दिसतं तसं नाही. नवव्या वर्षाच्या आसपास त्याला चित्र 'खऱ्यासारखं' हवंसं वाटू लागतं. त्याआधी बाहेरून दिलेलं तयार चित्र हातात बसतं, आणि बसलं की हलत नाही.

म्हणून धाकट्याला घरीच ठेवलं. मला स्वतःला धड मांजर काढता येत नाही, पण त्यानं काही अडलं नाही. लागतं ते सामान आणि गप्प बसण्याची ताकद. सामानाचं सांगते. मेणखडू स्वस्त आणि कमी घाणेरडे, पण कडक. छोट्या हाताला जोर लावावा लागतो आणि रंग फिकाच उमटतो. तेलखडू मऊ, गडद, लगेच भरणारे. फरशीवरही तितकेच गडद. मी तेलखडू घेईन आणि खाली वर्तमानपत्र अंथरेन. तेलखडूनं काढून वरून पातळ जलरंग फिरवला की पाणी खडूवरून निसटतं, ती गंमत आमच्याकडे आठवडाभर पुरली. जलरंगांची चोवीस वड्यांची पेटी नको. लाल, पिवळा, निळा, एक आठ नंबरचा गोल ब्रश आणि पाण्याच्या दोन वाट्या : एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. हिरवा कुठून येतो हे त्याचं त्यालाच सापडू द्या. कागदाला लग्नपत्रिकांची कोरी पाठ चालते.

घराचं पारडं खरं जड होतं ते कागदाबाहेर. वीस मुलं आणि एक तास एवढ्यात क्लासला मातीची भानगड परवडत नाही. घरी दिवाळीचा किल्ला आहे, गणपतीआधी शाडू आहे, दारात ठिपक्यांची रांगोळी आहे. आजीच्या बोटाखाली सात ते एक ठिपके मांडताना मुलाला समतोल आणि पुनरावृत्ती कळते. पुढे चित्रकलेच्या परीक्षेत याचंच नाव संकल्पचित्र होतं.

घरची खोट कुठे? आपल्या तोंडात. 'झाड कधी जांभळं असतं का?' हे वाक्य मी दोनदा बोलले आणि दोन्ही वेळा चित्र तिथंच थांबलं. शिवाय रविवारी पाहुणे आले की रंग वर जातात. क्लासची वेळ मात्र ठरलेली असते. व्हिडिओचा तिसरा पर्याय लोक सुचवतात. त्यात पाच पायऱ्यांत हत्ती येतो, पण तो त्यांचा हत्ती असतो.

क्लासला तोड नाही ती एका जागी. समोर तांब्या ठेवलाय आणि मुलानं तोंड छान लंबवर्तुळाकार काढून बूड मात्र सरळ रेघेत उरकलंय. वरून पाहताना बुडाची कड तोंडापेक्षा जास्त गोल दिसते, हे चांगले सर पेन्सिल आडवी धरून दोन मिनिटांत दाखवतात. मला ते दिसतच नव्हतं, शिकवणार काय?

आणि परीक्षा. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, मुलं साधारण सातवी-आठवीपासून देतात. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, शिवाय एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र. इंटरमिजिएटच्या अ, ब, क श्रेणीला दहावीत 7, 5, 3 असे वाढीव गुण मिळतात. त्या गुणांसाठी मुलाला रंगांत ढकलू नये असं माझं मत, पण द्यायचीच असेल तर घड्याळ लावून केलेला सराव हवा आणि तो आईसमोर होत नाही.

क्लास बघायला जाल तेव्हा आधी भिंत बघा. सगळीकडे एकच सूर्यास्त असेल तर चप्पल घालून परत या. मुलांसमोर खरी वस्तू ठेवलीय की छापील चित्र, तेही बघा.

धाकटा आता नऊ वर्षांचा आहे. परवा त्यानं मोरीतली बादली काढली, तीनदा खोडली आणि कागद चुरगळून माझ्याकडे फेकला : 'ही पडल्यासारखी का दिसते?' मी बराच वेळ त्या बादलीकडे पाहिलं आणि थोरलीच्या आताच्या सरांना फोन केला.