स्काउटच्या वॉगलचा ट्रॅव्हल बग: मुंबईतून सोडून बरेच महिने झाले, त्यानंतरचा अनुभव

ट्रॅव्हल बग घ्यावा का असं बरेच जण विचारतात म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेले डबे (कॅशे) जीपीएसने शोधायचा खेळ, आणि ट्रॅव्हल बग म्हणजे खेळणाऱ्यांच्या हातून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरणारा कोडवाला टॅग. वस्तू एक नंबर आहे. पण मुंबईतून सोडायचा असेल तर धीर पाहिजे, आणि हरवला तर चार दिवस हळहळत बसणाऱ्यातले असाल तर राहू द्या.

मुलगा शाळेच्या स्काउट पथकात आहे. त्याच्या सरांनी कुठेतरी वाचलं की अमेरिकेत स्काउट्सना २०१० पासून जिओकॅशिंगचा मेरिट बॅज (कौशल्याचा बिल्ला) आहे आणि त्यात एक पर्याय असा की स्काउटिंगचं एखादं मूल्य दाखवणारा ट्रॅव्हल बग बनवायचा, सार्वजनिक कॅशेत सोडायचा आणि ३० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवून नोंदी लिहायच्या. आपल्याकडे सोपानाला, म्हणजे स्काउटच्या टप्प्याटप्प्याच्या परीक्षांना, असलं काही लागत नाही, पण पोरांनी डोक्यात घेतलं की घेतलं. खर्च मी केला, आणि टॅगपेक्षा तो मागवायचा खर्च जास्त झाला हे आधीच सांगून ठेवते.

पाकिटात पत्र्याचे दोन टॅग येतात, फौजींच्या गळ्यात असतात तसले, बरोबर बारीक मण्यांची चेन. टॅगवर पाठीवर बारकोड असलेला किडा आणि एक कोड. एक टॅग प्रवासाला पाठवायचा, दुसरा घरी ठेवायचा. जिओकॅशिंगच्या साइटवर अ‍ॅक्टिवेट करून नाव, फोटो आणि त्याला कुठे जायचंय ते लिहायचं, हे सगळं चहा पिता पिता होतं. आमच्या संघनायकाने लिहिलं, स्वित्झर्लंडमधलं कांडरस्टेग. तिथलं आंतरराष्ट्रीय स्काउट केंद्र १९२३ चं आहे आणि सुरुवात झाली ती लोचबर्ग बोगद्याच्या कामगारांसाठी बांधलेल्या घरात. बोगद्याचं ऐकून पोरं लगेच तयार, कसारा घाटात बोगदे मोजणारी मुलं ती.

टॅगला काय लावायचं यावर जोरात भांडण झालं. सरांचं म्हणणं पथकाचा स्कार्फ, मी म्हटलं एवढं बोचकं कुठल्या डब्यात मावणार? शेवटी पोरांनी केशरी पॅराकॉर्डचा (नायलॉनच्या दोरीचा) वॉगल, म्हणजे स्कार्फ गळ्याशी अडकवायचं कडं, विणला आणि त्याची शेपटी टॅगला रीफ नॉट या सपाट गाठीने बांधली, जागतिक स्काउट चिन्हात खाली दोरीची तीच गाठ असते म्हणून. हलकं, लहान, पाण्याला न घाबरणारं. लटकवायची वस्तू अशीच घ्या, आणि भारी किंवा आठवणीतली काही अजिबात लावू नका, कारण लोक ठेवून घेतात.

मुंबईत खरा वैताग सोडायची जागा शोधण्याचा. डबे मुळात कमी, आम्ही शोधलेल्यातले बरेच मायक्रो, म्हणजे जुन्या फिल्मरोलच्या डबीएवढे, त्यात नुसता टॅग जेमतेम जाईल, वॉगल नाही. शिवाय गर्दीच्या ठिकाणी कोणी रेलिंगखाली हात घालून चाचपताना दिसला तर लोक पोलिसांना बोलावतात, आणि बरोबरच करतात म्हणा. मग एका रविवारी सगळी पलटण घेऊन बोरिवलीकडे झाडीत गेलो, तिथे नीट झाकणाचा मोठा डबा मिळाला, टॅग झिपच्या पिशवीत घालून ठेवला आणि वडापाव खाऊन परत.

त्यानंतर काहीच नाही. ते ३० दिवस आठवून आता हसू येतं, तेवढ्यात आमचा बग जागचा हललासुद्धा नव्हता. पूर्ण पावसाळा त्या डब्यात काढला. पोरं आधी रोज विचारायची, मग आठवड्याला, मग विसरली. गणपतीत अचानक मेल आला, कामासाठी आलेल्या एका जर्मन माणसाने उचलला. आणि मग काय, महिनाभर धमाल. साइट एका कॅशेपासून दुसऱ्या कॅशेपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर मोजते, त्यामुळे मुंबई ते जर्मनी एका उडीत जमा झालं आणि वर्गात हिरोगिरी सुरू.

फक्त त्या माणसाला डिप करायची सवय. म्हणजे बग स्वतःकडेच ठेवायचा आणि ज्या ज्या डब्यापाशी जाईल तिथे भेट दिली असं नोंदवायचं. किलोमीटर वाढतात, पण पान नुसत्या भेटींनी भरतं, वाचायला काही नसतं. मला दोन ओळी आणि एक फोटो लिहिणारे शंभर पटीने आवडतात.

तसं एक कुटुंब पुढे मिळालं, आणि त्यांनी वाट वाकडी करून तो खरंच कांडरस्टेगला नेला. फोटोत मागे पिवळी वाटदर्शक पाटी, पुढे कुंपणाच्या खांबावर आमचा वॉगल, केशरीचा फिकट गुलाबी झालेला. सरांनी तो प्रोजेक्टरवर लावला. सगळे डोंगर बघत होते आणि संघनायक म्हणाला, सर, गाठ चुकलीय. झूम केलं तर खरंच, वाटेत कधीतरी सुटली असणार आणि कोणीतरी भल्या मनाने परत बांधली होती, पण ग्रॅनी नॉट, म्हणजे रीफ नॉट बांधताना दोरी उलटी गेली की होते ती चुकीची गाठ! स्काउटच्या पंढरीला पोचला तो ग्रॅनी नॉट घालून. पोरं अजून हसतात.

एक तक्रार मात्र आहे. कोणीतरी टॅगचा फोटो कोड दिसेल असा टाकला. टॅगवरचा कोड गुपित असतो, पानावर सगळ्यांना दिसतो तो टीबीने सुरू होणारा नंबर वेगळा. झालं, बगला हातही न लावलेल्या लोकांच्या डिस्कव्हर, म्हणजे ‘हा बग पाहिला’ अशा, नोंदी यायला लागल्या. मालकाला त्या काढता येतात, मी बसून काढल्या. मुलगा म्हणाला असू दे की, मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स यानावरही असा कोड आहे आणि लोक नासाच्या फोटोत बघूनच नोंदवतात. त्याचं खरं आहे, पण तिथे जाऊन कोण उचलणार? आमचा तर उचलता येत होता.

सध्या बग डेन्मार्कमध्ये कोणाच्या तरी खिशात किंवा ड्रॉवरमध्ये अडकलाय. नम्र मेसेज केलाय, उत्तर नाही. हे होतंच, यात टॅगचा दोष नाही. मूळ टॅग गेलाच तर घरातला जुळा त्याच कोडवर पाठवता येतो, केलेला प्रवास पुसला जात नाही, म्हणून तो दुसरा टॅग जपून ठेवा.

आम्ही उन्हाळ्यापर्यंत वाट बघणार, नाहीतर जुळा निघेल. त्याला इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटाकडे पाठवायचं ठरतंय, स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांचं १९०७ चं पहिलं शिबिर तिथलं. सरांना परत रीफ नॉटच हवीय. मी स्टीलची रिंग आणून ठेवलीय.