मानेतून चढणारी डोकेदुखी: दहा महिने, तीन जणांचे हात

कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरीच ब्लाऊज शिवते, अठरा वर्षं झाली. गेल्या नवरात्राच्या गर्दीत उजव्या बाजूचं डोकं दुखायला लागलं ते थांबेचना. कवटीच्या खाली मानेला जी खळगी असते तिथून सुरुवात, मग कानामागून वर चढून उजव्या डोळ्याच्या मागं ठणका. बाजू कधी बदलली नाही. आधी चष्म्याचा नंबर तपासून घेतला, तो होता तोच. मग गोळ्या. घरचे डॉक्टर म्हणाले, "ताई, महिन्यातले किती दिवस गोळी लागते ते मोजून आणा." सतरा दिवस निघाले. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस आणि तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळंच डोकेदुखी मागं लागते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांनी बीपी बघितला, हातांची ताकद बघितली आणि दुखणं मानेचं आहे, फिजिओथेरपी घ्या असं सांगितलं.

तरी मी फिजिओकडं लगेच गेले नाही. कोल्हापुरात मान धरली की पहिलं नाव तालमीतल्या कुणाचं तरी निघतं. माझ्या दिरानं एका म्हाताऱ्या मामांकडं नेलं. त्यांनी खांदे इतके छान चोळले की डोळे मिटले, आणि मग काही न सांगता हनुवटी धरून मान दोन्ही बाजूंना कडाकडा मोडली. त्या रात्री मी महिन्याभरात पहिल्यांदा शांत झोपले. पुढचे दोन दिवस मात्र उठलं की भोवळ. मेंदूकडं जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतून जातात, झटका बसला तर क्वचित त्यांचा आतला थर फाटतो आणि अर्धांगाचा झटका येऊ शकतो, हे नंतर समजलं. क्वचित असलं तरी मी परत मान मोडून घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नका. मामांची मालीश मात्र खरोखर चांगली होती, तिला मी नावं ठेवणार नाही.

मग आत्याबाईंच्या आग्रहानं सात दिवस ग्रीवाबस्ती. मानेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल धरून ठेवतात. पालथं पडून तो शेक घ्यायला फार बरं वाटतं. स्नायू मऊ पडले, खांदे खाली आले. पण मशीनवर बसले की दुपारपर्यंत दुखणं जागेवर.

इथून मी एक सवय लावली: बिलबुकाच्या मागं लिहायचं, हात लागल्यापासून किती तासांनी दुखणं परत आलं. मामांचा हात, एक रात्र. तेल, साधारण सहा तास.

डिसेंबरात राजारामपुरीत फिजिओथेरपी सुरू केली. एका वेळचे साडेतीनशे. पहिल्या दिवशी तिथल्या फिजिओ मुलीनं मला उताणं झोपवलं, हनुवटी छातीकडं पूर्ण वाकवली आणि तशीच मान हळू वळवून बघितली. डावीकडं बरीच वळली, उजवीकडं निम्म्यातच अडली. म्हणाली, "काकू, वरचे दोन मणके जिथं जुळतात तिथं अडकलंय." मग डोळा का दुखतो? तर मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस मज्जारज्जूत एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळं दुखणाऱ्या जागेचा मेंदूला चुकीचा पत्ता लागतो. इतकं साधं कुणी आधी सांगितलं असतं तर चष्म्याच्या दुकानात चार चकरा झाल्या नसत्या.

तिचे हात मामांपेक्षा फारच हलके. बोटांची टोकं कवटीच्या कडेखाली टेकवून ती नुसती थांबायची, डोक्याचं वजन बोटांवर सोडायला सांगायची. तीन-चार मिनिटांनी तिथला ताठा आपोआप सुटायचा. मग मणके हळू दाबून हलवायची. कुठं कडकड नाही, झटका नाही. वहीत नोंद: दोन दिवस.

मी म्हटलं, हात लावून एवढं बरं वाटतं तर व्यायाम कशाला? तिनं ऑस्ट्रेलियातल्या 2002 सालच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. दोनशे रुग्ण, सहा आठवडे उपचार. काहींना फक्त हाताचे उपचार, काहींना फक्त मानेचे व्यायाम, काहींना दोन्ही. तिन्ही गटांना फरक पडला आणि वर्षभरानंतरही टिकला. म्हणजे व्यायामाचं बळ हातांइतकंच, आणि तो घरी फुकट. उताणं झोपून हनुवटीनं बारीक 'हो' म्हणायचं, दहा सेकंद धरायचं, दहा वेळा. मानेच्या पुढच्या खोल स्नायूंना त्यानं ताकद येते. दुसरा व्यायाम टॉवेलचा: टॉवेलची कड वरच्या मणक्यावर अडकवून हलक्या ओढीबरोबर मान वळवायची. हा तिच्यासमोर नीट शिकूनच करा, जागा चुकली तर उपयोग नाही.

पण खरा चोर वेगळाच निघाला. मी मशीनला दोष देत होते. तिनं मला कामाचा व्हिडिओ आणायला सांगितला, आणि त्यात दिसलं की मशीनवर मी बऱ्यापैकी ताठ असते. मान मोडून बसते ती रात्री, खाली जमिनीवर बसून हूक, काजं आणि हेम करताना. दीड-दोन तास, काम मांडीत, हनुवटी छातीला. आता खुर्चीत बसून मांडीवर दोन उश्या घेते, काम छातीच्या उंचीला येतं. कटिंग जमिनीवर करायचे, तेही बंद. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले. उश्यांनंतरची वहीतली नोंद: नऊ दिवस.

फिजिओच्या एकूण चौदा खेपा झाल्या, मार्चनंतर महिन्यातून एकच. गोळी आता महिन्याला एक किंवा दोन. पूर्ण थांबलं नाही; सण जवळ आला आणि व्यायाम चुकला की खळगी आधी बोलते.

अचानक सुरू होऊन मिनिटभरात असह्य झालेली डोकेदुखी, तापाबरोबर ताठलेली मान, हात-पाय लुळे पडणं, दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, यात कुणाचेही हात लावून घेऊ नका. सरळ दवाखाना गाठा.

यंदा घटस्थापनेच्या आधीचे हूक शेजारच्या मुलीला दिलेत, ब्लाऊजमागं पंधरा रुपये. तिलाही पहिल्या दिवशीच दोन उश्या दिल्या.