जोआन, इनुयामा : हेरगिरीचा संशय असलेल्या चहागुरूची खोली

सामुराईंच्या काळातला चहागुरू, म्हणजे चहापानाचा विधी शिकवणारा, आणि त्याच्या आड दडलेला हेर ही कल्पना कथाकारांची लाडकी आहे. तिच्याशी खरोखर नाते सांगणारी वास्तू पाहायची असेल, तर जपानच्या आइची प्रांतातील इनुयामा हे गाव गाठावे. तेथील उराकुएन या बागेत जोआन नावाचे छोटेसे चहागृह आहे. ते बांधणारा ओदा उराकुसाई हा सोळाव्या शतकातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याचा धाकटा भाऊ आणि नावाजलेला चहागुरू होता. ओसाकाच्या किल्ल्यात राहून त्याला वेढा घालणाऱ्या तोकुगावा पक्षाला आतली खबर पुरवल्याचा संशयही त्याच्या नावाला आजतागायत चिकटलेला आहे. जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलेली चहागृहे तीनच आहेत. त्यांपैकी यामाझाकीचे ताइआन पाहण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते आणि क्योतोच्या दाइतोकुजी मठातील मित्तान सहसा पाहायला मिळत नाही. तिकीट काढून सरळ समोर उभे राहता येते ते जोआनच्याच.

येथे येण्यापूर्वी उराकुसाईची हकिगत वाचून यावी, नाहीतर समोर दिसते ती फळ्यांच्या छपराची एक झोपडी. १५८२ मध्ये नोबुनागाचाच सरदार आकेची मित्सुहिदे याने त्याच्याविरुद्ध बंड केले तेव्हा नोबुनागाचा मुलगा नोबुतादा याने निजोच्या वाड्यात पोट चिरून घेतले, आणि त्याच्याबरोबर असलेला काका उराकुसाई मात्र तेथून निसटला. पुढे तो नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीच्या दरबारी रमला, १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईत तोकुगावांच्या बाजूने लढला आणि त्याबद्दल त्याला यामातो प्रांतात ३०,००० कोकूंची (कोकू हे तांदळाचे माप, जहागिरीचे उत्पन्न त्यात मोजत) जहागीर मिळाली. तरीही तो ओसाकात तोयोतोमी घराण्याजवळ राहिला, कारण हिदेयोशीचा वारस हिदेयोरी याची आई योदो ही त्याची भाची होती. १६१४ च्या हिवाळ्यात तोकुगावा इएयासूने ओसाकाच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा उराकुसाई आत होता. तहाची बोलणी करणाऱ्यांत तो पुढे होता, तोकुगावांच्या माणसांशी त्याचा पत्रव्यवहार चालू होता, आणि १६१५ मध्ये किल्ला पडण्यापूर्वी तो इएयासूच्या संमतीने बाहेर पडला. याला हेरगिरी म्हणायचे की दोन घरांत सोयरीक असलेल्या म्हाताऱ्याची मध्यस्थी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला स्वतःला दुसरी बाजू अधिक पटते, कारण चोरून खबर देणारा माणूस तहाच्या बैठकीत उघडपणे बसत नाही.

संशयाची किंमत काय असू शकत होती, हे त्याच वर्षी फुरुता ओरिबे याच्या बाबतीत दिसले. ओरिबे हा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, तोकुगावा हिदेतादाचा चहागुरू होता. तोयोतोमींशी संधान बांधल्याचा ठपका ठेवून १६१५ मध्ये त्याला पोट चिरून घेण्याची आज्ञा झाली आणि त्याने आपली बाजू मांडली नाही, असे सांगतात. चहागुरूंवर असा संशय यावा याचे कारण त्यांच्या धंद्यातच होते. १५८६ मध्ये क्यूशूचा सरदार ओतोमो सोरिन ओसाकाला आला, तेव्हा हिदेयोशीच्या भावाने त्याला सांगितले की खासगी गोष्टी हिदेयोशीचा चहागुरू सेन नो रिक्यू याला विचाराव्यात आणि सरकारी गोष्टी आपल्याला. राज्यातली नाजूक बोलणी ज्या चार भिंतींत होत, त्यांची किल्लीच जणू या लोकांच्या कमरेला होती.

आता वास्तूकडे वळू. जोआन १६१८ च्या सुमारास क्योतोच्या केन्निनजी मठातील शोदेन-इन येथे बांधले गेले. १९०८ मध्ये ते मित्सुई घराण्याने तोक्योला नेले, पुढे ते ओइसोला गेले आणि १९७२ मध्ये वास्तुविशारद होरिगुची सुतेमी यांच्या देखरेखीखाली इनुयामात उभे राहिले. इतक्या वेळा उचलूनही त्याची मूळ ठेवण टिकली, ही या भेटीतली सर्वांत आश्वासक गोष्ट वाटते.

समोर उभे राहिल्यावर पहिला प्रश्न पडतो तो दार कोठे आहे हा. डाव्या हाताला मातीच्या जमिनीची ओसरी आहे, तिच्या कडेच्या भिंतीत एक गोल खिडकी आहे, पण रांगत आत जाण्याचे छोटे दार, म्हणजे निजिरीगुची, कोठेच दिसत नाही. ते ओसरीत शिरून उजवीकडे वळल्यावर सापडते. अशा दारांची उंची साधारण ६५ सेंटिमीटर असते. तलवार बाहेरच ठेवायची, मान झुकवायची आणि गुडघ्यांवर आत सरकायचे, मग पाहुणा लाखो कोकूंचा धनी का असेना.

खरी गंमत खिडक्यांत आहे. दोन खिडक्यांच्या बाहेरच्या बाजूला बांबूच्या काठ्या एकमेकींना खेटून उभ्या बसवल्या आहेत. त्यांच्या फटींतून उजेड गाळून आत येतो, पण आतून बाहेरचे आणि बाहेरून आतले काही दिसत नाही. या रचनेला उराकुसाईच्याच नावाने ओळखतात. गुप्त खलबतांसाठी ही युक्ती केली असे म्हणण्याचा मोह होतो, आणि या खिडकीपाशी थबकलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात तो येत असावा. मात्र तसा पुरावा नाही. बांबूच्या गाठींच्या सावल्या आतल्या कागदावर पडतात, हे एवढे कारणही एका चहागुरूला पुरेसे झाले असते.

आतली जागा अडीच तातामी, म्हणजे अडीच गवती चटया, आणि यजमानाच्या बैठकीची पाऊण चटई एवढीच आहे. एरवी ती बाहेरूनच पाहावी लागते. ठरावीक दिवशी होणाऱ्या विशेष दर्शनासाठी आगाऊ नोंदणी आणि वेगळे शुल्क लागते. तारखा जुळत असतील तर ते जरूर करावे, कारण बाहेरून भिंतींचा खालचा भाग नीट दिसत नाही. पाहुण्यांचे कपडे मातीच्या भिंतीला घासू नयेत म्हणून चहागृहात भिंतीच्या तळाला कागद लावतात. येथे त्यासाठी जुन्या पंचांगांची पाने चिकटवली आहेत. बारीक अक्षरांच्या उभ्या ओळी, विटलेली शाई, आणि पाठ टेकणाऱ्याच्या मागे सरून गेलेल्या वर्षांचे दिवस. तोकोनोमाच्या, म्हणजे चित्र आणि फुले मांडण्याच्या कोनाड्याच्या, बाजूची भिंत तिरकी घेऊन कोपऱ्यात त्रिकोणी फळी बसवली आहे, त्यामुळे वाढणाऱ्याला वावरायला जागा मिळते. चुलीजवळच्या खांबाला लागून असलेल्या फळीला कमानीसारखे भोक आहे. त्यातून यजमान कसा दिसत असेल याचा अंदाज घेत बसावे. मला तरी ही फळी खिडक्यांपेक्षा अधिक बोलकी वाटली: यजमान आडोशाला आहे आणि तरीही पाहुण्याच्या नजरेखाली आहे.

बागेतल्या बाकीच्या वास्तूंपैकी शोदेन-इनचा जुना बैठकीचा वाडा पाहण्यासारखा आहे. ओसाकातील उराकुसाईच्या चहागृहावरून पुन्हा उभारलेले गेनआन नवे आहे, त्याला थोडा वेळ दिला तरी चालेल. माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा, आणि त्याबरोबरची मिठाई वेगळे पैसे देऊन मिळते. ती जोआन पाहून झाल्यावर घ्यावी. आधी घेतली तर उरलेला वेळ बागेत फोटो काढण्यातच जातो.

मार्च २०२२ मध्ये दुरुस्तीनंतर बाग पुन्हा खुली झाली तेव्हा मोठ्यांचे तिकीट १२०० येन होते. एका खोलीसाठी ते जास्त वाटेल, आणि ज्यांना निन्जा, विषाचे पेले, चोरवाटा असे काही हवे आहे त्यांनी ते खर्चूच नये. इतरांनी नागोयाहून मेइतेत्सू रेल्वेने इनुयामा-युएन स्थानकावर उतरावे आणि किसो नदीच्या काठाने चालत यावे. जवळच इनुयामाचा किल्ला आहे आणि बहुतेक लोक आधी तिकडे जातात. आपण सकाळी बाग उघडताच जोआन गाठावे आणि किल्ला दुपारसाठी ठेवावा.